बोलण्याची रीत आणि बोलण्यातले सत्य

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरांत हे वाक्य कधी ना कधी ऐकू आलेले असते : "अरे, सांगायचीही काही रीत असते की नाही?" वयात आलेला मुलगा वडिलांना उलट बोलतो, सून चार पाहुण्यांसमोर मनातले बोलून जाते, धर्मग्रामाच्या सभेत एखादा तरुण उठून तावातावाने हिशेब विचारतो आणि आपण म्हणतो, "असे बोलतात का?" पुष्कळदा आपले म्हणणे बरोबरही असते. बोलणाऱ्याचा तोल सुटलेला असतो. पण रीतीची चर्चा एकदा सुरू झाली की तो मुळात काय सांगत होता हे विचारायचे राहून जाते. पाहुणे जातात, सभा संपते आणि प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

म्हणून आज एका नैतिक प्रश्नाचा विचार करू या. सत्य जर चुकीच्या रीतीने सांगितले गेले, दुखावणाऱ्या कृतीतून सांगितले गेले किंवा आपल्याला न आवडणाऱ्या माणसाने सांगितले, तर ते ऐकण्याचे कर्तव्य आपल्यावर उरते का? की रीत चुकली म्हणजे आपण त्या कर्तव्यातून मोकळे झालो?

हा प्रश्न पुस्तकी वाटू नये म्हणून एका खऱ्या आयुष्याकडे पाहू. ते आहे आयर्लंडच्या शिनेड ओ'कॉनर हिचे. ती गायिका होती, काही चित्रपटांतही तिने काम केले. पण जगाच्या लक्षात ती राहिली एका फोटोमुळे. त्या फोटोची गोष्ट कॅथलिक माणसाला सुखाची नाही. तरीही ती आपण शांतपणे ऐकायला हवी.

डब्लिनची मुलगी

शिनेडचा जन्म ८ डिसेंबर १९६६ रोजी डब्लिनमध्ये झाला. ८ डिसेंबर म्हणजे पवित्र मारियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. तिच्या नावात 'मरी' होते आणि लुर्द्सच्या संत बेर्नादेतवरून घेतलेले 'बेर्नादेत'ही होते. म्हणजे नावापासूनच ती मारियामातेच्या पदराखालची. घरात धार्मिक वातावरण होते, भिंतीवर पवित्र चित्रे होती. पण त्याच घरात आई आपल्याला अमानुष मारहाण करी, असे तिने पुढे अनेकदा सांगितले. आईवडील विभक्त झाले. मुलगी शाळा चुकवू लागली, दुकानांतून चोऱ्या करू लागली.

चौदा-पंधरा वर्षांची असताना तिला डब्लिनमधील ड्रमकोन्ड्रा भागात, सिस्टर्स चालवीत असलेल्या एका संस्थेत ठेवण्यात आले. त्याच आवारात एक मोठे 'मॅग्डलेन धुलाईघर' चालत असे. अविवाहित माता, अनाथ मुली, घराला नकोशा झालेल्या स्त्रिया यांना आयर्लंडमध्ये अशा धुलाईघरांत ठेवले जाई आणि वेतनाशिवाय कपडे धुण्याचे काम त्यांच्याकडून करून घेतले जाई. शेवटचे धुलाईघर १९९६ साली बंद झाले. शिनेड तिथे राहिली तेव्हा त्यांतल्या कित्येक स्त्रिया म्हाताऱ्या होऊन तिथेच शेवटचे दिवस मोजत होत्या. पळून गेल्याची शिक्षा म्हणून एकदा आपल्याला त्या मरणोन्मुख वृद्धांच्या खोलीत झोपायला पाठवले होते, अशी तिची आठवण आहे.

तिची आणखी एक आठवण आहे आणि तीही तितकीच महत्त्वाची. याच संस्थेतल्या एका सिस्टरने तिचा आवाज ओळखला, तिला गिटार घेऊन दिली आणि संगीत शिकण्याची सोय केली. शिक्षाही तिथलीच आणि गिटारही तिथलीच. शिनेडने या दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्या सिस्टरचे ऋण तिने कधी लपवले नाही. केवळ द्वेषाने पेटलेला माणूस असे करत नाही, हे आपण ध्यानात ठेवावे.

आई १९८५ साली मोटार अपघातात वारली. शिनेड तेव्हा अठरा वर्षांची होती. दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, तिचा पहिला अल्बम आला : 'द लायन अँड द कोब्रा'. हे नाव ९१व्या स्तोत्रावरून घेतलेले आहे. देवाच्या आश्रयाला राहणारा माणूस सिंह आणि नाग यांना पायाखाली तुडवील असे अभय देणारे ते स्तोत्र. १९९० साली अमेरिकन गायक प्रिन्स याने लिहिलेले 'नथिंग कंपेअर्स टू यू' हे गाणे तिने गायिले आणि ते अनेक देशांत पहिल्या क्रमांकावर गेले. त्या गाण्याच्या चित्रफितीत बहुतांश वेळ फक्त तिचा चेहरा दिसतो : मुंडण केलेले डोके, मोठे डोळे आणि शेवटी गालांवरून ओघळणारे अश्रू. ते अश्रू आपल्या मृत आईच्या आठवणीने आले होते, असे तिने सांगितले. मारणाऱ्या आईसाठीही लेकरू रडते.

वयाच्या चोविसाव्या वर्षी तिच्याकडे कीर्ती आणि पैसा सारे होते. गोड हसून गात राहिली असती तर जन्मभर पुरले असते. पण १९९१ साली मिळालेला ग्रॅमी पुरस्कार तिने नाकारला. संगीताचा धंदा पैशालाच मान देतो, असे तिचे म्हणणे होते. आणि त्याच्या पुढच्या वर्षी तो फोटो आला.

३ ऑक्टोबर १९९२

न्यूयॉर्कमध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हा कार्यक्रम टीव्हीवर थेट दाखवला जातो. त्या रात्री शिनेडने बॉब मार्लीचे 'वॉर' हे गाणे वाद्यांच्या साथीशिवाय गायिले. मूळ गाणे वर्णद्वेषाविरुद्धचे; तिने त्यात बालकांच्या छळाचा उल्लेख घातला. रंगीत तालमीत शेवटी तिने एका लहान मुलाचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरला होता. प्रत्यक्ष कार्यक्रमात तिने पोप जॉन पॉल दुसरे यांचा फोटो धरला, तो फाडला, तुकडे कॅमेऱ्याकडे भिरकावले आणि खऱ्या शत्रूशी लढा, असे म्हणाली. स्टुडिओत एकही टाळी वाजली नाही.

तो फोटो बाजारातून आणलेला नव्हता. तो तिच्या आईच्या खोलीतल्या भिंतीवरचा, पोप महाशयांच्या १९७९च्या आयर्लंड भेटीचा होता. आईच्या मृत्यूनंतर तिने तो उतरवून जपून ठेवला होता. ज्या भिंतीवर हा फोटो होता त्याच घरात एका मुलीला मार बसत होता. फोटो फाटताना लाखो लोकांनी पाहिला. त्या फोटोखाली वर्षानुवर्षे काय चालले होते, ते कोणी पाहिले नव्हते.

प्रतिक्रिया तीव्र उमटली. दुसऱ्याच आठवड्यात त्याच कार्यक्रमात अभिनेते जो पेशी यांनी तो फोटो जोडून आणून दाखवला आणि आपण तिथे असतो तर तिला थप्पड मारली असती, असे म्हणाले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तिच्या ध्वनिमुद्रिकांवर रोडरोलर फिरवण्यात आला. १६ ऑक्टोबर १९९२ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॉब डिलन यांच्या सन्मानार्थ झालेल्या मैफलीत ती मंचावर आली आणि श्रोत्यांच्या एका मोठ्या भागाने हुर्यो करायला सुरुवात केली. ज्येष्ठ गायक आणि अभिनेते ख्रिस ख्रिस्टोफरसन यांना तिला मंचावरून उतरवायला पाठवले होते. त्यांनी उतरवले नाही. जवळ जाऊन धीर दिला. मग तिने ठरलेले गाणे बाजूला ठेवले, पुन्हा तेच 'वॉर' गायिले आणि मंचावरून उतरल्यावर ख्रिस्टोफरसन यांच्या कुशीत रडली.

दुखावलेल्यांचे चुकले का?

इथे आपण प्रामाणिक राहू या. पोप जॉन पॉल दुसरे यांच्याविषयी आपल्या लोकांच्या मनात काय भावना आहे, हे सांगायची गरज नाही. १९८६ साली ते भारतात आले, मुंबईतही आले. त्यांना पाहायला गेलेली माणसे आजही त्या दिवसाविषयी बोलतात. २०१४ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले. त्यांचा फोटो फाडलेला पाहून श्रद्धावंताच्या काळजाला घरे पडली, तर त्यात गैर काही नाही. शिवाय एका माणसाचा चेहरा फाडून एका मोठ्या यंत्रणेचा दोष दाखवणे, हे न्यायाचे नाही असेही कोणी म्हणू शकेल. कृती अचानक झाली, तिचा अर्थ बहुतेक प्रेक्षकांना कळलाच नाही. स्वतः शिनेडचे मनही याबाबत एकसारखे राहिले नाही. १९९७ मध्ये एका इटालियन साप्ताहिकाच्या मुलाखतीत तिने ही कृती बालिशपणाची होती असे म्हणून पोप महाशयांची क्षमा मागितली. पुढे २०२१ मध्ये मात्र आपल्याला खंत नाही असे सांगितले.

तेव्हा रीत चुकली, असे आपण खुशाल म्हणू शकतो. पण त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. आयर्लंडमध्ये बालकांवर अत्याचार होत होते आणि ते झाकले जात होते, हे तिचे म्हणणे खरे होते की खोटे?

हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांना लागणारे कष्टही वेगळे आहेत. "रीत बरोबर होती का?" या प्रश्नाचे उत्तर खुर्चीवर बसल्या बसल्या देता येते. "म्हणणे खरे आहे का?" या प्रश्नासाठी उठावे लागते. मुलांपाशी जाऊन बसावे लागते, जुन्या फायली उघडाव्या लागतात, ओळखीच्या आणि आदराच्या माणसांना अवघड प्रश्न विचारावे लागतात. म्हणून आपले मन पहिल्या प्रश्नाकडे धावते. तो सोडवला की आपण नीतीने वागलो असे समाधान मिळते आणि दुसऱ्याचे ओझे खांद्यावर येत नाही.

यिर्मयाची सुरई

देवाच्या वचनात अशीच एक गोष्ट आहे. यिर्मया संदेष्ट्याला देवाने कुंभाराकडून मातीची सुरई विकत घ्यायला सांगितली. लोकांच्या आणि याजकांच्या वडीलधाऱ्यांना घेऊन तो नगराबाहेरच्या खोऱ्यात गेला आणि सर्वांसमोर ती सुरई त्याने फोडली. हे नगर असेच फुटणार आहे, हा त्याचा संदेश होता, कारण तिथे निरपराधांचे रक्त सांडले गेले होते. त्यानंतर मंदिराचा मुख्य अधिकारी असलेल्या पशहूर नावाच्या याजकाने काय केले? निरपराधांचे रक्त खरोखर सांडले आहे का, याची त्याने चौकशी केली नाही. त्याने यिर्मयाला फटके मारले आणि खोड्यात अडकवून ठेवले.

शिनेड ही यिर्मया होती असे मला म्हणायचे नाही. तिला संदेष्टा ठरवण्याची आपल्याला गरजही नाही. माझे लक्ष पशहूरकडे आहे. तो वाईट माणूस असेलच असे नाही. मंदिराची शिस्त, मंदिराचा मान यांची त्याला काळजी असावी. पण मंदिराचा मान राखण्याच्या नादात मंदिराचा धनी काय सांगतो आहे, हे ऐकायचे त्याच्याकडून राहून गेले.

पुढे उघड झालेले

शिनेडच्या त्या रात्रीनंतर काय झाले, ते आता इतिहासात नोंदलेले आहे. १९९३ मध्ये, ती राहिली होती त्याच आवारातील जमीन विकली गेली, तेव्हा दफनभूमीतून दीडशेहून अधिक स्त्रियांचे अवशेष बाहेर काढावे लागले. त्यांतल्या कित्येकींच्या मृत्यूची सरकारदरबारी नोंदसुद्धा नव्हती. १९९४ मध्ये अनेक वर्षे मुलांवर अत्याचार करणाऱ्या एका धर्मगुरूचे प्रकरण इतके पेटले की त्यात आयर्लंडचे सरकार कोसळले. १९९९ मध्ये पंतप्रधानांनी संस्थांमध्ये वाढलेल्या बालकांची देशाच्या वतीने क्षमा मागितली.

मे २००९ मध्ये संस्थांमधील अत्याचारांविषयीचा रायन अहवाल आला. हजाराहून अधिक स्त्री-पुरुषांनी आयोगाच्या एका समितीपुढे येऊन आपले बालपण कथन केले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डब्लिनच्या महाधर्मप्रांताविषयीचा मर्फी अहवाल आला. तक्रारी आल्या तेव्हा गुप्तता पाळणे, बोभाटा टाळणे आणि ख्रिस्तसभेचे नाव व मालमत्ता सांभाळणे याकडे अधिकाऱ्यांचे लक्ष होते, मुलांचे हित त्यामागे पडले, असा त्याचा निष्कर्ष होता.

या अहवालांतून आणखी एक गोष्ट दिसते आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तीच निर्णायक आहे. रीतीने सांगणारे लोकही होते. भाविक आईवडील होते. त्यांनी पत्रे लिहिली, धर्माधिकाऱ्यांची भेट घेतली, आवाज न चढवता, वर्तमानपत्रात न जाता सांगितले. त्यांची पत्रे कपाटात गेली आणि कित्येकदा त्या धर्मगुरूची बदली दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या मुलांमध्ये झाली. जिथे हळू बोललेले ऐकले जात नाही तिथे कोणीतरी ओरडणारच. मग त्या ओरडण्याचा दोष फक्त ओरडणाऱ्याच्या माथी कसा मारता येईल?

मार्च २०१० मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आयर्लंडच्या कॅथलिकांना पत्र लिहिले. पीडितांना उद्देशून त्यांनी मान्य केले की तुमच्यापैकी कित्येकांनी धैर्याने सांगितले तेव्हा कोणी ऐकले नाही. बिशपांच्या गंभीर चुका त्यांनी दाखवल्या आणि ख्रिस्तसभेच्या नावाची अवाजवी काळजी हे या संकटाचे एक कारण म्हणून नोंदवले. शिनेडचे त्या पत्राने समाधान झाले नाही. तिने त्यावर अमेरिकन वर्तमानपत्रात कडक टीका केली. पण १९९२ मध्ये ज्या विषयाची वाच्यता करणे पाप मानले गेले, तो विषय आता खुद्द परमगुरुस्वामींच्या पत्रात होता. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस आयर्लंडला गेले आणि डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधील मिस्सात त्यांनी या पापांची एकेक करून क्षमा मागितली. याच मैदानावर १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांच्या मिस्साला दहा लाखांहून अधिक लोक आले होते. २०१८ मध्ये गर्दी कितीतरी कमी होती. त्याला अनेक कारणे असतील. पण जे ऐकले गेले नाहीत आणि जे त्यांच्यासोबत निघून गेले, त्यांच्या रिकाम्या जागाही त्या मैदानात होत्याच.

आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. पैशाअडक्याच्या बाबतीत ती ठीक असेल. पण मुठीत जर एखाद्या लेकराचे दुःख असेल, तर ती झाकून ठेवण्यात अब्रू राहत नाही. शिवाय कोंबडे झाकल्याने उजाडायचे थांबत नाही, हेही आपलीच म्हण सांगते.

पडद्यावरची मारियामाता

आता तिच्या चित्रपटांकडे वळू. ते फार नाहीत. १९९२च्या 'वदरिंग हाइट्स'मध्ये ती लेखिका एमिली ब्राँटेच्या छोट्या भूमिकेत दिसते. पण दोन चित्रपट आपल्या विषयाच्या अगदी जवळचे आहेत.

पहिला, १९९०चा 'हश-अ-बाय बेबी'. दिग्दर्शिका मार्गो हार्किन. उत्तर आयर्लंडच्या डेरी शहरातील पंधरा वर्षांची गोरेटी गरोदर राहते आणि हे कोणाला सांगावे हेच तिला कळत नाही. संत मारिया गोरेटीचे नाव असलेल्या या मुलीभोवती देऊळ आहे, शाळा आहे, कुटुंब आहे, पण सांगण्याजोगा एकही कान नाही. शिनेडने या चित्रपटाला संगीत दिले आणि त्यात एक लहान भूमिकाही केली.

दुसरा, १९९७चा 'द बुचर बॉय'. पॅट्रिक मकेब यांच्या कादंबरीवरून नील जॉर्डन यांनी तो दिग्दर्शित केला. १९६०च्या सुमारास आयर्लंडच्या एका छोट्या गावात फ्रान्सी नावाचा मुलगा आहे. आई मनाने खचलेली, बाप दारूत बुडालेला. मुलगा खोड्या करतो, हसतो, बडबडतो, पण त्याच्या बडबडीत दडलेली हाक कोणाला ऐकू येत नाही. त्याला धर्मगुरूंच्या सुधारशाळेत पाठवले जाते आणि तिथे एक धर्मगुरू त्याचा गैरफायदा घेतो. शेवटी त्याच्या हातून भयंकर गुन्हा घडतो. या फ्रान्सीला मारियामातेची दर्शने होतात आणि मारियामातेच्या भूमिकेत आहे शिनेड ओ'कॉनर. ज्या बाईने पाच वर्षांपूर्वी पोप महाशयांचा फोटो फाडला, तिलाच दिग्दर्शकाने निळा-पांढरा झगा घातला.

हे सर्वांना रुचेल असे नाही. त्या चित्रपटातली मारिया शिवराळ बोलते. आपल्या भक्तीला ते झेपणारे नाही आणि झेपावे असा आग्रहही नाही. पण दिग्दर्शकाने हे का केले असेल, याचा विचार करता येतो. ज्या मुलाचे ऐकायला कोणी नाही, त्याच्यासमोर माता येऊन उभी राहते आणि त्याच्याच भाषेत बोलते. हे नीट पाहिले तर आपल्या श्रद्धेपासून फार दूर नाही. लुर्द्सला मारियामाता गरीब, आजारी, अक्षरशत्रू बेर्नादेतशी तिच्याच प्रांताच्या बोलीत बोलली. त्या मुलीवरही आधी कोणी विश्वास ठेवला नव्हता. पोलीस अधिकाऱ्याने तिला दरडावले होते, धर्मगुरूंनीही सुरुवातीला तिला झिडकारले होते. ते नाव शिनेडच्या नावात होते, हे पुन्हा आठवावे.

सगळेच बरोबर होते का?

तिचे एक म्हणणे खरे निघाले म्हणून तिचे सारेच बरोबर होते, असे मात्र समजू नये. १९९९ साली ख्रिस्तसभेबाहेरच्या एका बिशपकडून तिने याजकपदाची दीक्षा घेतली. ती ख्रिस्तसभेने मानली नाही. पुढच्या काळात ती मनाच्या आजारांनी त्रस्त होती आणि पुष्कळदा टोकाचे बोलून नंतर ते मागे घेई. २००७च्या 'थिऑलॉजी' या अल्बममध्ये तिने स्तोत्रे आणि संदेष्ट्यांच्या ग्रंथांवरून केलेली गीते गायिली. २०१८ मध्ये तिने इस्लाम स्वीकारला. जानेवारी २०२२ मध्ये तिचा सतरा वर्षांचा मुलगा गेला. २६ जुलै २०२३ रोजी लंडनमधील घरी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी ती वारली. अंत्ययात्रेच्या दिवशी ब्रे या गावी समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यावर हजारो लोक दुतर्फा उभे होते. इमामांनी प्रार्थना केली. तिच्यावर चिडलेला तोच आयर्लंड आता तिच्यासाठी रडत होता. ती जिवंत असताना हे ऐकले असते तर, असे त्यातल्या अनेकांना वाटले असणार.

ती आपल्या ख्रिस्तसभेतून निघून गेली, मग तिच्याविषयी आपण का बोलावे, असे कोणी विचारील. माणूस घर सोडतो तेव्हा तो का गेला, हे घरात राहिलेल्यांनी विचारायचे असते. सत्य सांगणारा स्वतः अपुरा, जखमी, कधी चुकणारा असतो. जखमी माणूस कण्हतो तेव्हा त्याचा सूर बरोबर लागावा अशी अपेक्षा आपण करत नाही. तिच्या चुकांचा हिशेब तिने देवाला दिला असेल. आपण न ऐकल्याचा हिशेब आपल्यालाच द्यावा लागेल.

यिर्मयाच्या गोष्टीचा पुढचा एक भाग मला फार आवडतो. पुढे त्याला चिखलाने भरलेल्या आडात टाकले गेले. त्याला काढायला त्याचे भाऊबंद आले नाहीत. आला तो एबद-मलेख, राजवाड्यातला एक परदेशी सेवक. त्याने दोर सोडण्याआधी जुन्या चिंध्या आणि फाटके कपडे खाली सोडले आणि सांगितले, हे काखेत घे, म्हणजे दोर काचणार नाही. कोणाच्या बोलण्याने आपण दुखावलो असलो, तरी त्याला दोर काचू नये याची काळजी घेता येते. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्या रात्री एकाने ती घेतली.

आपल्या घरात

आयर्लंडची ही गोष्ट वाचून आपण सुस्कारा टाकावा आणि पान उलटावे, एवढ्यासाठी ती सांगितलेली नाही. आपल्याही घरांत आल्तारावर दिवा लागतो, भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाचे चित्र असते. त्या चित्राखाली आपली मुले काय भोगतात, हे चित्राला विचारून कळणार नाही. मुलांनाच विचारावे लागेल.

मूल आपल्याला नीट सांगणार नाही, हे धरून चालावे. त्याच्याकडे शब्द नसतात. ते अचानक शिकवणीला जायला नकार देईल, एखाद्या नातेवाइकाच्या मांडीवर बसणार नाही, आदराच्या माणसाबद्दल उद्धटपणे बोलेल. आपण म्हणतो, "लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस." आणि घरातली मोठी माणसे कुजबुजतात, "आपलेच दात, आपलेच ओठ. बाहेर कशाला सांगायचे?" या दोन म्हणींच्या मध्ये कित्येक बालपणे चिरडली गेली आहेत. समोरचा माणूस काका असो, शिक्षक असो की धर्मगुरू असो, मुलाचे म्हणणे खोटे ठरवण्याआधी ते पूर्ण ऐकायला हवे. आपल्या देशात २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकाला ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही धर्मगुरू आणि व्रतस्थांना अशी माहिती धर्माधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन घातले. कायदा इतके करू शकतो. ऐकणारा कान तो देऊ शकत नाही.

प्रभू येशूने बालकाला मध्ये उभे केले आणि अशा लहानग्याला अडखळण करणाऱ्याविषयी जितके कठोर शब्द काढले, तितके कठोर शब्द त्याने फार थोड्यांविषयी काढले. गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवण्याची ती भाषा ऐकून आपण प्रभूला विचारत नाही, "असे बोलतात का?" कारण तिथे काय पणाला लागले आहे, हे आपल्याला ठाऊक असते.

म्हणून पुढच्या वेळी घरात, वाडीत किंवा धर्मग्रामाच्या सभेत कोणी चुकीच्या रीतीने काही बोलले, तर आधी त्याचे म्हणणे खरे आहे का ते पाहू या आणि रीतीचे नंतर बोलू. या आठवड्यात कुटुंबाच्या रोझरीत एक गूढ अशा लोकांसाठी म्हणू या, ज्यांनी सांगितले आणि ज्यांचे कोणी ऐकले नाही. शिनेड मरी बेर्नादेत हिच्या आत्म्यासाठीही एक 'नमो मारिया' म्हणावा. आणि रोझरी आटोपल्यावर लगेच टीव्ही न लावता आपल्या मुलांजवळ थोडा वेळ बसावे.